एकच फूटपट्टी

सबमिशनचा आठवडा होता. रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलच्या एका रूममध्ये आम्ही चौघं, तीन पलंग, एक खडखडणारा टेबलफॅन आणि अर्धी रिकामी जर्नल्स. मी महालातला, म्हणजे तसा डे-स्कॉलर, पण सबमिशनच्या दिवसांत घर विसरून हॉस्टेलवरच पडलेला असतो. आमचा एक मित्र (हॉस्टेलवर कोणाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात, म्हणून हा 'जालना') कानात इअरफोन घालून मोबाईलवर काहीतरी बघत होता. भंडाऱ्याने मागून डोकावून वायर खेचली, आणि रूमभर आवाज झाला. पांढऱ्या सुटातला एक माणूस स्टेजवर हात फिरवतोय, आणि समोरची माणसं रांगेने धडाधड मागे पडताहेत.

"काय पाहून राहिला बे? हे नाटक?"

जालना शांतपणे म्हणाला, "बेनी हिन आहेत. माझी आई मानते त्यांना."

"अबे, पैसे देऊन पाडतात लोकं!"

"आणि तुझ्या घरचे सगळे रेशीमबागेत गेले होते दरबाराला, ते काय होतं मग?"

बस्स! पुढचा अर्धा तास जर्नल राहिलं बाजूला. वर्ध्याने मध्ये पडून "तुम्ही दोघंही येडे आहात" असा निकाल दिला, त्यामुळे दोघंही त्याच्यावर उखडले. नंतर आठवडाभर मेसमध्ये भंडारा एका टोकाला आणि जालना दुसऱ्या टोकाला. मी मधल्या टेबलावर, वरण-भात गिळत. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटत होतं, आणि अर्धं अर्धं मुळीच पटत नव्हतं. म्हणून हा लेख.

यावर लिहितोय म्हटल्यावर आई म्हणाली, "मासिकासाठी दुसरा विषय नाही का रे मिळाला?" तिचंही चूक नाही. १७ मार्च २०२५ ला एका अफवेवरून आमच्या महालात दगडफेक, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. धर्माच्या बाबतीत न तपासता पसरलेली गोष्ट काय करू शकते, हे आम्ही खिडकीच्या फटीतून पाहिलं आहे. पण म्हणूनच वाटतं, की हा विषय टाळण्यापेक्षा आवाज न चढवता बोलावा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत कुठे गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

आधी माणूस कोण ते पाहू. बेनी हिन यांचा जन्म १९५२ चा, इस्राएलमधल्या जाफाचा. १९६८ मध्ये कुटुंब कॅनडात टोरंटोला गेलं. पुढे ते अमेरिकेत स्थिरावले आणि १९९० पासून 'धिस इज युअर डे' हा त्यांचा कार्यक्रम टीव्हीवरून जगभर पोचला. प्रवचन, गाणी आणि मग स्टेजवर आजार बरे होण्याचे दावे, असं त्याचं स्वरूप. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो फेब्रुवारी २००४ मध्ये. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्यांच्या सभा झाल्या, आणि लाखोंची गर्दी झाली. पुढच्या वर्षी, जानेवारी २००५ मध्ये, बंगळुरूला जक्कूरच्या विमानतळावर सभा झाल्या. तिथे मोठा विरोध झाला. विरोधक म्हणाले हे धर्मांतराचं काम, समर्थक म्हणाले ही नुसती प्रार्थना. दोन्ही बाजूंचे झेंडे वर. पण माझ्या मते खरा प्रश्न झेंड्याचा नाहीच. प्रश्न असा, की त्या मैदानात कुबड्या टाकून जो चालला, तो महिन्याभराने चालत होता का?

त्याआधी माझ्या घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे मी एकाच बाजूने बोलतोय असं वाटणार नाही. माझी आत्या तुळशीबागेजवळ राहते. काका अचानक गेले, त्यानंतर तिला रात्री झोप लागेना. टीव्हीची चॅनेल्स फिरवता फिरवता तिला जॉयस मायर सापडली. अमेरिकेतली प्रचारिका, हिंदीत डब केलेली. ती स्टेजवर कोणाला पाडत नाही. राग, कुढणं, अपराधीपणाची भावना अशा रोजच्या गोष्टींवर बोलते. लहानपणी वडिलांनीच आपल्यावर अत्याचार केले, हेही ती उघडपणे सांगत आली आहे. आत्या म्हणते, "तिनेही सोसलंय रे, म्हणून तिचं बोलणं लागतं." आत्याच्या देवघरात गणपती आहे, गजानन महाराजांचा फोटो आहे, गुरुवारचा उपास आहे. तिने धर्म बदलला नाही, काही विकत घेतलं नाही, कुठे पैसे पाठवले नाहीत. तिला फक्त झोप लागायला लागली.

आता "सगळं नाटक" म्हणणाऱ्या भंडाऱ्याने आत्याला काय उत्तर द्यायचं? दिलासा ही खरी गोष्ट आहे. ती मोजता येत नाही म्हणून खोटी ठरत नाही. डॉक्टरकडे माणसासाठी पाच मिनिटं असतात, नातेवाईक तेराव्यानंतर आपापल्या घरी जातात, आणि रात्री अकरा वाजता बोलणारं कोणी नसतं. ती रिकामी जागा टीव्हीवरच्या प्रचारकाने भरली, तर दोष त्याचा किती आणि आपला किती?

पण दिलासा वेगळा आणि दावा वेगळा. "देव तुझ्यासोबत आहे" हा दिलासा झाला. "तुझा मधुमेह आत्ता, या क्षणी गेला" हा दावा झाला. दिलाशाला पुरावा मागणं उद्धटपणाचं होईल. दाव्याला पुरावा न मागणं मात्र मूर्खपणाचं, आणि कधीकधी जिवावर बेतणारं.

गंमत म्हणजे हा फरक सगळ्यात कडक शब्दांत सांगणारे लोक स्वतः ख्रिस्ती आहेत! आपल्याला वाटतं ख्रिस्ती म्हटला की बेनी हिनचा भक्त. तसं मुळीच नाही. हिन यांचा सख्खा पुतण्या, कॉस्टी हिन, तरुणपणी काकांच्या सभांमध्ये पडणाऱ्या माणसांना मागून झेलायचं काम करायचा. खाजगी विमानं, महागडी हॉटेलं, सगळं त्याने आतून पाहिलं. पुढे बायबलचाच नीट अभ्यास केल्यावर त्याला ते पटेनासं झालं, आणि २०१९ मध्ये त्याने या पैशाच्या धर्मोपदेशाविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खुद्द बेनी हिन यांनीही जाहीरपणे सांगितलं, की समृद्धीच्या नावाने जे चाललं ते फार वाहवलं, आणि मी आता माझी भूमिका दुरुस्त करतो आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी आमच्या रूममध्ये भांडण झालं, त्यांनी स्वतःच अर्धी चूक आधीच कबूल केली होती. आम्हा चौघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

व्हॅटिकनने २००० साली आजार बरे होण्यासाठीच्या प्रार्थनासभांबद्दल सूचना काढल्या. त्यात उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी यांना जागा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. फ्रान्समधलं लूर्द हे कॅथलिकांचं मोठं तीर्थ. तिथे बरं झाल्याचा दावा आला की डॉक्टर तपासतात, जुने रिपोर्ट मागतात, पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा करतात. १८५८ पासून आजपर्यंत हजारो दावे आले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. ते सत्तर तरी खरे का, यावर वाद होऊ शकतो. पण "आधी तपासू" ही पद्धत बघा. आमच्या शाळेतल्या सिस्टरही ताप आला की आधी डॉक्टरकडे जायच्या, चॅपलमध्ये नंतर. त्यात त्यांना काही विसंगत वाटायचं नाही.

आता इंजिनिअरला आवडेल असं उदाहरण. पीटर पॉपॉफ नावाचे एक अमेरिकन टीव्ही प्रचारक होते. गर्दीतल्या अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार ते स्टेजवरून अचूक सांगायचे. लोक थक्क! १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने आणि त्याच्या साथीदारांनी सभेत रेडिओ स्कॅनर नेला. ३९.१७ मेगाहर्ट्झवर काय सापडलं? पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज. सभेआधी लोकांनी भरलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरून ती बाहेर बसून माहिती वाचत होती, आणि यांच्या कानात छोटा रिसीव्हर! रँडीने ती टेप टीव्हीवर वाजवून दाखवली. १९८७ मध्ये पॉपॉफनी दिवाळखोरी जाहीर केली. पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांनी ते पुन्हा टीव्हीवर आले, 'चमत्कारी पाणी' घेऊन, आणि लोकही पुन्हा आले. तेव्हा नुसतं उघडं पाडून भागत नाही. माणसाची गरज तशीच राहते, आणि ती भागवायला दुसरा कोणीतरी येतो.

प्रत्येक प्रचारक कानात रिसीव्हर घालतो असं मी म्हणत नाही. बरेचजण मनापासून करत असतील. पण मनापासून केलं म्हणून निकाल बदलत नाही. बेनी हिन सांगतात, की १९७३ मध्ये पिट्सबर्गला कॅथरिन कुलमन या प्रचारिकेच्या सभेतून त्यांची वाट सुरू झाली. याच कुलमनबाईंच्या सभेतल्या 'बरं झालेल्या' लोकांचा पाठपुरावा विल्यम नोलन या अमेरिकन सर्जनने १९७० च्या दशकात केला. तो काही टवाळी करायला गेला नव्हता. स्वयंसेवक म्हणून सभेत उभा राहिला, आणि नंतर २३ जणांना भेटला. खरोखर बरा झालेला एकही सापडला नाही. त्यातल्या एका बाईला मणक्याचा कॅन्सर होता. तिने स्टेजवर कमरेचा पट्टा काढून फेकला आणि पळून दाखवलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मणका खचला, आणि चार महिन्यांनी ती वारली.

मग ती स्टेजवर पळाली कशी? नाटक म्हणून नाही. हजारो लोक, गाणी, आशा, उत्तेजना, अशा वेळी शरीर दुखणं काही काळ दाबून टाकतं. फुटबॉल खेळताना पाय मुरगळतो, आणि कळतं रूमवर आल्यावर. तसंच ते. शिवाय दुखणं कमीजास्त होत असतं, आणि आपण सभेला जातो ते सगळ्यात जास्त असताना. त्यानंतर ते आपोआप थोडं उतरलं, तरी श्रेय स्टेजला. कॅमेरा त्या क्षणी असतो. चार महिन्यांनी कॅमेरा नसतो.

आता रेशीमबागेकडे येऊ, कारण जालन्याचा टोमणा अगदीच चुकीचा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांची रामकथा आणि दरबार रेशीमबाग मैदानावर झाला. आमच्या महालातून चालत जाण्याच्या अंतरावर. नागपूरच्याच श्याम मानव यांनी, म्हणजे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, आव्हान दिलं, की तुमचं दिव्य ज्ञान आमच्या अटींवर सिद्ध करा आणि ३० लाख घेऊन जा. कथा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी संपली. मानव म्हणाले पळून गेले. महाराजांच्या बाजूने सांगितलं गेलं, की दिवस आधीच कमी केले होते. पोलिसांनी चित्रफिती तपासून कायद्याचा भंग दिसत नाही असं सांगितलं. हे सगळं खरं, आणि सगळं सांगायला हवं. पण आव्हान काही स्वीकारलं गेलं नाही, हेही खरं.

त्या वेळी मी आजूबाजूला जे पाहिलं ते जास्त लक्षात राहिलं. पांढऱ्या सुटातल्या माणसावर पोट धरून हसणारे लोक रेशीमबागेबद्दल म्हणायचे, "श्रद्धेचा विषय आहे, बोलू नये." आणि रेशीमबागेवर हसणारे काहीजण बेनी हिनबद्दल म्हणायचे, "अल्पसंख्याकांचा विषय आहे, बोलू नये." दोघांकडे फूटपट्टी आहे, पण प्रत्येकाची फक्त दुसऱ्याच्या अंगणात चालते! लॅबमध्ये आपण असं करतो का? आपल्या सर्किटचं रीडिंग एका मीटरवर आणि शेजारच्या बॅचचं दुसऱ्या मीटरवर घेतलं, तर सर जर्नल फेकून देतील.

आपला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्यात एकाही धर्माचं नाव घेऊन बंदी नाही. कीर्तन, प्रवचन, भजन, मंदिर, दर्गा, चर्चमधली प्रार्थना, सगळ्याला मोकळीक आहे. गुन्हा आहे तो चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं. १९५४ चा केंद्राचा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या जाहिरातींबद्दलचा कायदा तर याहून जुना. त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेहही आहे, कॅन्सरही.

म्हणून माझी फूटपट्टी साधी आहे. प्रचारक कुठल्याही धर्माचा असो, तीन प्रश्न.

पहिला, औषध सोडायला सांगतो का? सरळ सांगत नसेल, पण "गोळी घेतोस म्हणजे तुझा विश्वास कच्चा" असं सुचवतो का?

दुसरा, पैशाचा हिशेब देतो का? "बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणून पैसे मागणं आणि मंदिर किंवा चर्च चालवायला वर्गणी मागणं, यात फरक आहे. २००७ मध्ये अमेरिकन सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी सहा टीव्ही प्रचारक संस्थांकडे हिशेब मागितले. त्यात हिन आणि मायर दोघंही होते. २०११ मध्ये चौकशी संपली, शिक्षा कोणालाच झाली नाही. पण विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली ती सहापैकी याच दोघांच्या संस्थांनी. हेही लिहायलाच हवं, फूटपट्टी एकच म्हटल्यावर!

तिसरा, मांडव उठल्यावर मागे काय राहतं? स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. तोही धर्मप्रचारकच, आणि त्याच्यावरही तेव्हा लोक चिडले असतील. पण त्याने शाळा काढली, आपल्या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा करून अभ्यासले, आदिवासींची माहिती टिपून ठेवली. १८६३ मध्ये नदीच्या पुरात तो बुडाला. १८८३ मध्ये त्याच्या नावाने कॉलेज निघालं, ते आजही आहे. त्याची श्रद्धा मान्य करा वा करू नका, मागे काय राहिलं ते दिसतं.

शेवटी आमच्या रूमची गोष्ट पूर्ण करतो. आठवड्याने जालना माझ्याजवळ बोलला. आईला बारा वर्षांपासून मधुमेह. कुठल्याशा चॅनेलवर एका पास्टरचं ऐकून (हे बेनी हिन नव्हेत, दुसरेच कोणी) तिने दोन गोळ्यांची एक केली होती, आणि दोन हजार रुपये 'बी' म्हणून पाठवले होते. पायाला जखम झाली होती, भरत नव्हती. तो ती क्लिप श्रद्धेने बघत नव्हता. घाबरून बघत होता. आईला जे खरं वाटतं ते खरं असू शकतं का, हे त्याला शोधायचं होतं. आणि नेमकं तेव्हाच आम्ही त्याच्या कानातली वायर ओढली.

हे मी भंडाऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून ग्लुकोमीटर त्यानेच आणला आणि जालन्याच्या बॅगेत टाकला. "आईले म्हणा, रोज सकाळी पाहत जा. मी काही देवाबद्दल बोलून नाही राहिलो." सुटीत जालना घरी गेला. उपाशीपोटी रीडिंग आलं २८६. टीव्हीवाला पास्टर खोटा, असं तो आईला एकदाही म्हणाला नाही. तो त्यांच्या गावच्या चर्चमधल्या पास्टरांना घरी घेऊन आला. ते म्हणाले, "ताई, गोळीही देवानेच दिली असं समजा. दोन्ही घ्या." मुलाचं जे ऐकलं नसतं ते तिने त्यांचं ऐकलं. जखम भरायला दोन महिने लागले.

ती अजूनही रात्री कार्यक्रम बघते. आधी गोळी, मग टीव्ही. मला यात काही वावगं दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी कुठल्यातरी बाबाला, बापूला, पास्टरला, मौलवीला मानत असेल. त्यांच्यावर हसू नका. हसलात की माणूस दार लावून घेतो, आणि मग आतल्या गोळ्या मोजता येत नाहीत. शेजारी बसा, काय ऐकतात ते ऐका, दिलासा असेल तर राहू द्या. दावा असेल तर मीटर काढा. मीटर मात्र सगळ्यांसाठी एकच ठेवा.

पटलं तर घ्या. नाही पटलं तर मेसमध्ये भेटा. आता आम्ही चौघं एकाच टेबलावर असतो.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स